मेलेला खुनी परत येतो तेव्हा

१९८४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत 'फ्रायडे द थर्टीन्थ' मालिकेतला चौथा चित्रपट आला. नाव होतं 'द फायनल चॅप्टर', म्हणजे शेवटचा अध्याय. हॉकीचा मुखवटा घालून हिंडणारा जेसन त्यात एकदाचा मेला. वर्ष सरायच्या आत, पुढच्या मार्चमध्ये, पाचवा भाग थिएटरांत लागला. त्यानंतर २००९ पर्यंत आणखी सात. उत्तरपूजा होऊनही मखरातून न हललेली ही एकमेव मूर्ती असावी.

अशा 'स्लॅशर' चित्रपटांना नाकं मुरडणं सोपं आहे. मीही बरीच वर्षं मुरडली. पहिला भाग बघावा, फार तर त्याचं कौतुक करावं, आणि पुढचे भाग म्हणजे उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, असं माझं पक्कं मत होतं. मग १९८३ ते १९८६ या तीन-चार वर्षांतले काही 'दुसरे भाग' लागोपाठ पाहिले आणि मत बदललं. ते पहिल्यापेक्षा चांगले आहेत असं मी म्हणत नाही. ते विचित्र आहेत, आणि त्या विचित्रपणाला कारण आहे.

आधी शब्द समजून घेऊ. स्लॅश म्हणजे सपकन चिरणं. स्लॅशरमध्ये एक खुनी असतो, बहुधा मुखवट्यातला. त्याच्या हातात सुरा, कोयता, करवत असं जवळ जाऊन वापरायचं हत्यार असतं. बंदूक सहसा नसते. समोर असतात शिबिरात, सुट्टीत किंवा आईबाप घरी नसताना मजा करणारी पोरं. ती एकेक करून मरतात आणि शेवटी एक मुलगी उरते. या घराण्याचा मूळ पुरुष १९६० चा हिचकॉकचा 'सायको'. १९७४ मध्ये टोबी हूपरचा 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' आला, १९७८ मध्ये जॉन कारपेंटरचा 'हॅलोवीन'. सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास खर्चून केलेल्या 'हॅलोवीन'ने एकट्या अमेरिकेत चार कोटींहून जास्त डॉलर कमावले. हे गणित निर्मात्यांना तोंडपाठ झालं आणि मग जो तो सुरा शोधायला धावला.

पुढच्या भागाची अडचण मात्र अशी की पहिल्या भागात भीती वाटते ती माहीत नसलेल्याची. कोण आहे, कुठे लपलाय, किती जवळ आलाय? दुसऱ्या भागाला प्रेक्षक त्या खुन्याला ओळखून येतो. त्याचं नाव, हत्यार, लहानपण सगळं ठाऊक असतं. काही जण तर त्याला भेटायलाच तिकीट काढतात. ओळखीच्या माणसाची भीती कशी वाटणार? मग दिग्दर्शकानं करायचं काय? त्याच्यावर हसायचं, नाहीतर त्याच्या डोक्यात शिरायचं, नाहीतर त्यालाच दुसऱ्या कुणाच्या तरी आत शिरवायचं. निर्मात्याचं लक्ष प्रेतांच्या मोजणीवर. तेवढी भरली की बाकीच्या जागेत लेखकानं काय ठेवलं ते फारसं कुणी बघत नसे. अशा बेवारस जागेत बऱ्याच गोष्टी उगवतात.

डोक्यात शिरण्याचं उदाहरण म्हणजे 'सायको २'. मूळ चित्रपटानंतर तब्बल तेवीस वर्षांनी, जून १९८३ मध्ये तो आला. दिग्दर्शक ऑस्ट्रेलियाचा रिचर्ड फ्रँकलिन, लेखक टॉम हॉलंड. (हे दुसरं नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.) अँथनी पर्किन्स पुन्हा नॉर्मन बेट्स झाला. बावीस वर्षं मनोरुग्णालयात काढलेला नॉर्मन बरा झालाय असं न्यायालय ठरवतं आणि त्याला घरी सोडतं. घर तेच, मोटेल तेच. ज्या बाईची बहीण त्यानं पहिल्या चित्रपटात न्हाणीघरात मारली, ती लायला न्यायालयात संतापून उठते.

तो संताप त्या वेळच्या अमेरिकेत रस्त्यावरही होता. राष्ट्राध्यक्ष रेगनवर मार्च १९८१ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या जॉन हिंकलीला जून १९८२ मध्ये ज्यूरीनं वेडसरपणाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं होतं. लोक इतके चिडले की १९८४ मध्ये कायदाच कडक करण्यात आला. चित्रपट या दोन तारखांच्या बरोबर मध्ये येतो. 'बरा झालेला वेडा' हे शब्द तेव्हाच्या प्रेक्षकाला कसे टोचत असतील, याचा अंदाज त्यावरून करता येतो.

आणि हा चित्रपट काय करतो, तर आपल्याला नॉर्मनच्या बाजूला नेऊन बसवतो. तो एका साध्या खानावळीत काम करतो, तिथल्या मेरी नावाच्या मुलीला आसरा देतो. तिच्यासाठी सँडविच कापताना हातात सुरी येते आणि 'कटलरी' हा शब्द त्याच्या तोंडून धड बाहेर पडत नाही. इतका छोटा प्रसंग, पण आपण मनात म्हणतो, बाबा, सांभाळ. मग आईच्या नावानं चिठ्ठ्या येऊ लागतात. फोन येतात. वरच्या खिडकीत कुणीतरी दिसतं. नॉर्मनला वाटतं आपण परत घसरतोय. खरं तर लायला आणि तिची मुलगी मेरी मिळून हे घडवून आणत असतात, त्याला पुन्हा वेडं ठरवून आत पाठवण्यासाठी.

समोरच्याचा स्वतःच्या डोळ्याकानांवरचा विश्वास उडेल असं वागायचं, याला इंग्रजीत 'गॅसलायटिंग' म्हणतात. हा शब्द १९३८ च्या एका इंग्रजी नाटकावरून आला. त्यात नवरा घरातल्या गॅसच्या दिव्यांचा उजेड मंद होत असल्याचं बायकोला दिसत असूनही तिला वेड्यात काढतो. मराठीत 'वेड्यात काढणं' हा वाक्प्रचार आपण थट्टेसाठी वापरतो. 'सायको २' बघताना तो शब्दशः कळतो. १९६० च्या चित्रपटाच्या शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन पाच मिनिटांत नॉर्मनच्या मनाचा हिशोब मांडून जातो. सगळं कसं स्वच्छ, कप्प्यात बसलेलं. दुसऱ्या भागात असा हिशोब लागत नाही. माणूस बरा झाला तरी गाव त्याला बरं होऊ देतं का, असा प्रश्न हा चित्रपट विचारतो, आणि त्याचं उत्तर एका म्हातारीच्या डोक्यात फावडं घालून देतो. (हो, शेवटी तो परत घसरतोच. निर्मात्यांना तिसरा भाग काढायचा होता.)

आता हसण्याकडे येऊ. इथे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत ते फार उपयोगाचे. विडंबन म्हणजे नक्कल करून त्या प्रकाराचीच खिल्ली उडवणं. उपहासाचा नेम दूरचा असतो: हात एकीकडे, फटका दुसरीकडे. लेकी बोले सुने लागे. १९८६ मध्ये दोन्हींची उदाहरणं आली. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या सहाव्या भागात जेसनची उकरलेली कबर पाहून दफनभूमीचा रखवालदार सरळ कॅमेऱ्यात बघतो आणि काही लोकांच्या करमणुकीच्या कल्पना भलत्याच असतात, अशा अर्थाचं बोलतो. म्हणजे आपल्याच प्रेक्षकाला चिमटा. हे विडंबन.

उपहास बघायचा तर त्याच वर्षीचा 'द टेक्सस चेनसॉ मॅसकर २'. दिग्दर्शक पुन्हा टोबी हूपर. पहिल्या चित्रपटातलं नरभक्षक कुटुंब हे कत्तलखान्यातल्या कामगारांचं होतं; यंत्रं आली, हातोड्यानं गुरं मारायची कला निकामी झाली, कामं गेली. तो विनोदही होता, पण कुणी हसलं नाही अशी हूपरची तक्रार होती. दुसऱ्या वेळी त्यानं कुणाला चुकवायलाच जागा ठेवली नाही. रेगनच्या काळात या कुटुंबाला बरे दिवस आलेत. थोरल्या भावाचा केटरिंगचा धंदा जोरात आहे. झणझणीत मटणाच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळतं. रहस्य विचारल्यावर तो सांगतो, मांसात काटकसर करायची नाही. मांस कुणाचं ते आपल्याला माहीत असतं. लहान धंदेवाल्याला सगळे कसे लुटतात, कर किती भरावा लागतो, याचं रडगाणं तो प्रेतांच्या ढिगात बसून गातो. दुसरा भाऊ व्हिएतनामहून डोक्यात धातूची पट्टी बसवून आलाय आणि त्या पट्टीभोवतीची कातडी खरवडत असतो. त्यांचा अड्डा एका बंद पडलेल्या जत्रेच्या मैदानाखाली आहे, युद्धाच्या देखाव्यांच्या मैदानाखाली. एवढं सांगितल्यावर हा चित्रपट कुणावर आहे ते वेगळं सांगायला नको.

डेनिस हॉपर यात सूड घ्यायला निघालेला पोलीस अधिकारी आहे. तो दुकानात जाऊन यांत्रिक करवती घेतो: एक मोठी, आणि दोन लहान कमरेच्या दोन बाजूंना, काउबॉयच्या पिस्तुलांसारख्या. पोस्टरवर अख्खं नरभक्षक कुटुंब 'द ब्रेकफास्ट क्लब' या आदल्या वर्षीच्या शाळकरी पोरांच्या चित्रपटाच्या पोस्टरसारखं पोज देऊन बसलेलं. पैसे घालणाऱ्या कॅनन या निर्मितीसंस्थेच्या मालकांना साधासुधा भयपट हवा होता. हातात हे आलं.

याच चित्रपटात एक नाजूक धागाही आहे. चामड्याचा मुखवटा घालणारा धाकटा, लेदरफेस, रेडिओवर काम करणाऱ्या स्ट्रेच नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो. तिला मारायला उगारलेली करवत बंद पडते, पुन्हा सुरू होत नाही, आणि तो कासावीस होतो. हत्यार म्हणजे पुरुषत्व हे चित्रपट अभ्यासकांचं आवडतं समीकरण. हूपरनं त्याचीही टर उडवली. करवत की बाई, यातलं एक निवड, असं थोरला भाऊ त्याला बजावतो. कुटुंबाची इभ्रत करवतीत आहे.

स्ट्रेचच्या नावाकडे पाहा. मुलाचं की मुलीचं, कळत नाही. १९८७ मध्ये कॅरल क्लोव्हर या अमेरिकन प्राध्यापिकेनं स्लॅशरवर निबंध लिहिला आणि शेवटी उरणाऱ्या मुलीला 'फायनल गर्ल' हे आता सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव दिलं. तिचं निरीक्षण असं: थिएटरात बसलेली बहुतेक पोरं मुलगे असतात, पण शेवटच्या अर्ध्या तासात ते त्या मुलीच्या जागी जातात. तिच्याबरोबर लपतात, तिच्याबरोबर श्वास रोखतात. ती मुलगीही थोडी मुलग्यासारखी असते, आणि खुनी पुष्कळदा धड 'पुरुष' नसतो. म्हणजे ज्या प्रकाराला आपण बायकांवर सुरे चालवणारा म्हणून हिणवतो, तिथे अंधारात बाई-पुरुषाच्या रेषा पुसट होत असतात.

आणि त्या मुलीच्या जागी मुलगाच ठेवला तर?

'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट २: फ्रेडीज रिव्हेंज' १ नोव्हेंबर १९८५ ला आला. पहिला भाग वेस क्रेव्हनचा, १९८४ चा: भाजलेल्या चेहऱ्याचा फ्रेडी मुलांच्या स्वप्नात येतो आणि बोटांना बांधलेल्या पात्यांनी मारतो. दुसऱ्या भागाची कल्पना क्रेव्हनला पटली नाही, तो बाजूला झाला. दिग्दर्शक जॅक शोल्डर, लेखक डेव्हिड चास्किन. यात फ्रेडीला स्वप्नातून बाहेर यायचंय आणि त्यासाठी त्याला जेसी नावाच्या मुलाचं शरीर हवंय.

जेसीची भूमिका मार्क पॅटननं केली. जेसी नव्या घरात राहायला आलाय, झोपेत किंचाळतो, आणि त्याची किंचाळी मुलीसारखी बारीक आहे. त्याच्या खोलीच्या दारावर पाटी आहे: मुलींना प्रवेश नाही. खोली आवरताना तो एकटाच नाचतो आणि कपाटाचा खण कमरेच्या हिसक्यानं बंद करतो. रात्री तो भटकत एका बारमध्ये पोचतो. तिथे चामड्याचे पट्टे लावलेले पुरुष आहेत, आणि त्यात त्याच्या शाळेचा व्यायामशिक्षकही आहे. त्या शिक्षकाला पुढे शाळेच्या शॉवरमध्ये दोरीउड्यांच्या दोऱ्यांनी बांधून, टॉवेलांचे फटके मारून फ्रेडी संपवतो. जेसीला लिसा आवडते, निदान त्यानं तसं ठरवलंय. पूल पार्टीच्या रात्री तो तिला जवळ घेतो, तेवढ्यात त्याच्या तोंडातून फ्रेडीची भलीमोठी जीभ बाहेर येते. तो पळत सुटतो तो थेट ग्रेडी या मित्राच्या बेडरूममध्ये. माझ्या शरीरात काहीतरी शिरू बघतंय, असं सांगतो. ग्रेडी म्हणतो, ते 'काहीतरी' म्हणजे एक मुलगी आहे, ती तिकडे तुझी वाट बघत बसलीय आणि तुला झोपायचंय माझ्या खोलीत.

इतकं सगळं असताना याला आतला अर्थ तरी कसं म्हणायचं? पण तो आतलाच आहे, कारण संपूर्ण चित्रपटात एकही पात्र 'समलिंगी' हा शब्द जेसीबद्दल उच्चारत नाही. अकरावी-बारावीत आपण अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकलो. 'सूर्य मावळला' या वाक्याचं जुनं उदाहरण आठवा: गुराख्याला त्यात गुरं वळवायची वेळ ऐकू येते, प्रेयसीला भेटीची. शब्द तेच. व्यंजना शब्दात असते, पण ती उमटायला सहृदय लागतो. इंग्रजीत ज्याला 'सबटेक्स्ट' म्हणतात तो हाच. हॉलिवूडला त्याची सवय सक्तीनं लागली. १९३४ पासून १९६८ पर्यंत तिथे हेज कोड नावाची आचारसंहिता होती आणि तिच्यात समलिंगी संबंध दाखवणं निषिद्ध होतं. तेव्हा लेखकांनी सांगायचं ते नजरेत, कपड्यात, अर्धवट सोडलेल्या वाक्यात ठेवलं, आणि समलिंगी प्रेक्षक ते वेचायला शिकले. क्वीअर हा शब्दही असाच वळणं घेत आलाय: समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी अशा लोकांना हिणवायला वापरला जाणारा हा शब्द त्यांनीच उचलून अभिमानानं स्वतःला लावला.

भयपटाला हे का मानवतं, त्याचं सर्वांत नेमकं उत्तर रॉबिन वूड या समीक्षकानं १९७९ मध्ये दिलं. तो स्वतः उघडपणे समलिंगी होता. फ्रॉइडची दडपणुकीची कल्पना घेऊन तो म्हणाला की समाज जे जे दडपतो ते राक्षसाच्या रूपानं परत येतं. वाड्यात कोंडून ठेवलेला नातेवाईक एक दिवस दार फोडतोच, तसं. जेसीच्या बाबतीत ते दार म्हणजे त्याची स्वतःची कातडी. फ्रेडी ती फाडून बाहेर येतो, ग्रेडीच्याच खोलीत.

आता तारीख पुन्हा पाहा. रॉक हडसन या देखण्या नायकाला एड्स झाल्याचं जुलै १९८५ मध्ये जाहीर झालं आणि २ ऑक्टोबरला तो गेला. चित्रपट आला तो त्यानंतर महिन्याभरात. 'माझ्या शरीरात काहीतरी शिरतंय' हे वाक्य हडसनच्या आजाराचा बोभाटा होण्याआधीच लिहिलं गेलं असेल; ऐकलं गेलं ते त्यानंतर.

चित्रपट समलिंगींच्या बाजूचा आहे की विरोधातला, यावर भांडण अजून चालू आहे. विरोधात म्हणायला जागा आहे: जेसीच्या आतलं 'ते' खुनी आहे, आणि शेवटी लिसाच्या चुंबनानं ते जळून जातं, म्हणजे मुलगी मिळाली की मुलगा सुधारतो. 'सायको'पासून बायकांचे कपडे घालणारा पुरुष म्हणजे खुनी, ही खोड या घराण्याला होतीच. तरीही मला वाटतं की जेसीचा घाम आणि घाबरलेले डोळे त्या चुंबनापेक्षा जास्त लक्षात राहतात. लपवण्याचे श्रम किती असतात ते इतक्या नीट दाखवणारा त्या काळातला दुसरा मुख्य धारेतला चित्रपट मला सापडला नाही.

मजा म्हणजे हे करणाऱ्यांपैकी कुणीच ते केल्याचं कबूल करेना. शोल्डर म्हणाला, माझ्या लक्षातच आलं नाही. निर्माता रॉबर्ट शे त्या बारच्या दृश्यात स्वतः बारटेंडर होऊन, चामडं घालून उभा आहे. चास्किन बरीच वर्षं सांगत राहिला की तो रंग पॅटनच्या अभिनयामुळे आला. पॅटन समलिंगी होता, आणि ते तेव्हा लपवून होता. हॉलिवूडमध्ये १९८५ च्या सुमारास नटाच्या अंगावर असा शिक्का म्हणजे काम संपलं. त्याचं संपलंच. त्याचा जोडीदार, नट टिमोथी पॅट्रिक मर्फी, १९८८ मध्ये एड्सनं गेला. पॅटनलाही एचआयव्हीची लागण झाली. अभिनय सोडून तो पुढे मेक्सिकोत जाऊन राहिला. या मालिकेवरच्या २०१० च्या माहितीपटात चास्किननं अखेर मान्य केलं की ते सगळं त्यानं मुद्दाम लिहिलं होतं. २०१९ च्या 'स्क्रीम, क्वीन!' या माहितीपटात पॅटन आणि चास्किन समोरासमोर बसले. किंचाळण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नट्यांना 'स्क्रीम क्वीन' म्हणतात. 'क्वीन' हा बायकी समलिंगी पुरुषासाठीचा टोमणाही आहे. मध्ये स्वल्पविराम टाकून पॅटनच्या चित्रपटानं ती पदवी घेतली.

राहिला टॉम हॉलंड. 'सायको २' लिहिणाऱ्या या माणसानं १९८८ मध्ये 'चाइल्ड्स प्ले' दिग्दर्शित केला, ज्यात खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. मूळ कथा डॉन मॅन्सिनीची. मुलांना खेळणी विकणाऱ्या जाहिरातींवरचा उपहास म्हणून त्याला ती सुचली. मॅन्सिनी स्वतः समलिंगी आहे. पुढचे भाग तोच लिहीत गेला आणि तिथे काहीच आत ठेवावं लागलं नाही: १९९८ मध्ये बाहुल्याला बायको मिळाली, तिचं काम केलं जेनिफर टिलीनं (तिची बहीण मेग टिली म्हणजे 'सायको २' मधली मेरी), आणि २००४ मध्ये त्यांना मूल झालं. ते मुलगा की मुलगी यावर आईबाप भांडतात. बाप म्हणतो ग्लेन, आई म्हणते ग्लेंडा.

त्याच बाहुल्याचा मराठी चुलतभाऊ तुम्हाला माहीत आहे. १९९३ मध्ये 'झपाटलेला' या चित्रपटात महेश कोठारे यांनी रामदास पाध्यांच्या बाहुल्यात तात्या विंचूला बसवलं. त्याचा दुसरा भाग यायला वीस वर्षं लागली, आणि तोवर लक्ष्मीकांत बेर्डे राहिले नव्हते. २०१३ च्या त्या भागात नवं काय होतं, तर थ्रीडी. तात्याला अजून बायको मिळालेली नाही.